सान्यूच्या नाटकाचं पहिलं वाचन

गेल्या महिन्याच्या अठरा तारखेला, गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता दोह्याच्या अल थुमामा भागातल्या एका कम्पाउंडच्या, म्हणजे कुंपणाआडच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये मला पाचशे रियाल परत मिळाले. हजर तिघे: मी, कम्पाउंडचा मॅनेजर, आणि गालिचे गुंडाळायला आलेले एक नेपाळी गृहस्थ. रक्कम हॉलच्या अनामतीची. आठ महिन्यांपूर्वी मीच भरली होती. हॉलमध्ये आता व्यायामाची यंत्रं बसणार आहेत, म्हणून जुनी प्रकरणं मिटवायची होती. मॅनेजरने नोटा पुढे केल्या, मी मोजल्या, सही केली.

तेवढ्यात त्या गृहस्थांनी मोठा गालिचा झटकून उचलला आणि खालून वास आला. बखूर या अरबी धुपाचा धूर, सांडलेला करक चहा, शिया बटर, आणि धूळ. चार वासांपैकी तीन आमचे होते. मॅनेजर काहीतरी बोलत होता, ते मला ऐकू आलं नाही.

मी शाळेत नाटक शिकवते. दोह्यात सतरा वर्षं झाली. सकाळी अल गराफातली शाळा, दुपारी फरीज बिन ओमरानमधलं घर, आणि घरी स्वयंपाकाच्या टेबलावर, आठ महिन्यांपूर्वीपर्यंत, दुसरं एक काम. त्याला ड्रामाटर्ग म्हणतात. मराठीत शब्द नाही, काम मात्र आहे. लेखकाच्या शेजारी बसून संहिता वाचायची आणि प्रश्न विचारायचे. ही बाई आता का उठली? याला हे कधी कळलं? ओळ आपण लिहायची नाही. परदेशातला एक छोटा नाट्यगट मला संहिता पाठवायचा. लेखक आफ्रिकेतले किंवा आफ्रिकी वंशाचे, आणि सगळे क्विअर. बाईवर जीव जडलेल्या बाया, पुरुषावर जडलेले पुरुष, जन्माच्या वेळी मिळालेलं नाव अंगाला न बसलेले. चार वर्षांत मी तेवीस संहिता वाचल्या. प्रत्येकीचं कोष्टक केलं: प्रवेश, मिनिटं, कोणाला काय हवं आहे, कोण काय लपवतं. शेवटचा रकाना नेहमी सगळ्यात भरलेला असे.

विनायक, माझा नवरा, ऑफिसातून आल्यावर माझ्या खांद्यावरून बघायचा. "नाशिकची बाई, कतारमध्ये बसून, आफ्रिकेतल्या पोरींची लग्नं जमवते. काय फी घेतेस गं?"

"तुझ्या बहिणीच्या लग्नात घेतली होती तेवढीच."

तो हसायचा आणि चहा टाकायचा.

हे काम मला का हवंसं वाटलं, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाशिकच्या तालमीच्या खोलीबद्दल सांगितलं असतं. हौशी नाटकांचा आमचा गट होता. खोलीत सतरंजीचा, रॉकेलच्या स्टोव्हचा आणि मेकअपच्या डिंकाचा वास. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, बोट ओळीवर ठेवून, अडलेल्याला शब्द पुरवायचा. गटात दोन मुली होत्या, एकाच डब्यातून जेवायच्या, एकीचं प्रवेशातलं काम संपलं तरी दुसरीसाठी थांबायची. सगळ्यांना दिसत होतं. एका मे महिन्यात त्यातल्या एकीचं लग्न ठरलं, आणि निघण्याआधी ती तालमीला आली, दारात उभी राहिली आणि तशीच गेली. दुसरी पुढच्या प्रवेशात अडली. मी तिला ओळ दिली. नाटकातली ओळ दिली. दुसरं काही द्यायला मला सुचलं नाही.

सान्यू मला शाळेच्या गेटवर भेटली. मुलींच्या विभागाला बायकाच सुरक्षारक्षक लागतात, आणि एजन्सी त्या युगांडा-केनियातून आणते. तिचं वय सत्तावीस, गणवेश एक माप मोठा, टोपीखाली बारीक वेण्या. ऑक्टोबरातली सकाळ होती. हवेतला ओलसर चिकटपणा नुकताच गेला होता, आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा एसीच्या यंत्रांच्या घरघरीपलीकडचे आवाज ऐकू येत होते. पिशव्या तपासण्याचा दिवस. तिने माझ्या पिशवीतून डबा काढला, पट्टी काढली, आणि खाली ठेवलेली संहिता काढली. पहिल्या पानावर दोन बायकांची नावं होती, तिच्याकडच्या नावांसारखी. तिने एक पान वाचलं. मग दुसरं. मागे मुलींची रांग वाढली.

"मॅडम, हे तुम्ही वाचता?" ती इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली.

"वाचते. ते माझं काम आहे."

"यासाठी पैसे मिळतात?"

"थोडे."

"आणि कुणी पकडत नाही?"

मी म्हणाले, "कागदच आहे." आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही.

चार दिवसांनी तिने डब्याखाली घडी करून एक वही सरकवली. शाळेच्या वहीसारखी, दोनशे पानी, त्यातली एकतीस भरलेली. नाटक दोन मुलींचं. कंपालाच्या एका गल्लीत एक मुलगी केस विणते, दुसरी कोपऱ्यावर चपातीत अंडं गुंडाळून विकते. उद्या दुसरीचं आखाताला जायचं विमान आहे. पहिली तिचे केस विणायला बसते. चार तास विणते. आई आत-बाहेर करते, शेजारीण डोकावते, आणि त्या दोघी जे बोलायचं ते कुणी आत नसतानाच्या मिनिटांत बोलतात. बस. एवढंच नाटक.

मी ते दोनदा वाचलं आणि कोष्टक करायला घेतलं. शेवटच्या रकान्यात काही लिहावं लागलं नाही. सगळं लपवलेलंच होतं.

शुक्रवारी आमच्या तालमी सुरू झाल्या. शाळेतल्या एक सहकारी या कम्पाउंडमध्ये राहायच्या; त्यांनी शब्द टाकला आणि सकाळी आठ ते दहा हॉल उघडा मिळू लागला. भाडं नाही, कागद नाही. सान्यूची राहण्याची जागा तिथून चालत वीस मिनिटांवर. दुसरी मुलगी वाचायला तिने मर्सीला आणलं. मर्सी केनियाची, एका पाळणाघरात काम करायची, आणि मोठ्याने हसायची. मी थर्मासमधून करक न्यायचे आणि घरून थालीपीठ. मर्सी पहिल्या दिवशी थालीपीठ उलटं करून म्हणाली, "सान्यू, बघ, तुझ्या चपातीला भोक पाडलंय इंडियाने."

"मधोमध तेल जावं म्हणून पाडतात," मी म्हणाले.

"मॅडम प्रत्येक गोष्टीचं कारण देतात," सान्यू म्हणाली.

त्या अकरा शुक्रवारांतलं काय काय सांगू. डिसेंबरात धुकं यायचं, आणि काचेबाहेरची खजुराची झाडं कुणी अर्धवट पुसल्यासारखी दिसायची. गालिच्यावर अनवाणी बसायचं. बाजूच्या घरात कुणीतरी बखूर जाळलेला असायचा. वेण्यांचा प्रवेश खरा करायचा म्हणून सान्यू मर्सीचे केस खरोखरच विणायची. नकली केसांचे झुपके गालिच्यावर ओळीने मांडलेले, बोटांना शिया बटर, आणि शेवटी वेण्यांची टोकं गरम पाण्यात बुडवायची, म्हणजे सुटत नाहीत. त्या पाण्याला प्लास्टिक आणि नारळ असा मिश्र वास यायचा. माझ्या आईने माझ्या केसांना तेल लावलं त्याला तीस वर्षं झाली, पण त्या वाफेपाशी बसलं की माझी मान आपोआप पुढे झुकायची.

आणि विमानं. विमानतळ जवळ, त्यामुळे दर चार-पाच मिनिटांनी आवाज छतावरून जायचा. सुरुवातीला आम्ही वैतागलो. मग सान्यूने ती संहितेत घेतली. कंसात लिहायची: विमान. त्या मुलींनी त्यावेळी गप्प बसायचं, आणि एकीचा हात दुसरीच्या केसांत तसाच थांबायचा. मी मोजलं होतं, मी टाइप केलेल्या अडतीस पानांत नऊ थांबे. त्यातला पान एकोणिसावरचा सगळ्यात मोठा. तिथे आई नुकतीच बाहेर गेलेली असते, आणि केस विणणारी मुलगी म्हणते, "तू गेलीस की माझी बोटं काय करतील?" मग विमान. मग दुसरी काहीच म्हणत नाही. प्रेम हा शब्द अख्ख्या नाटकात नाही. मी विचारलं होतं, का नाही. सान्यू म्हणाली, "आमच्या गल्लीत तो शब्द मोठ्याने म्हटला की दगड येतो. या दोघींना माहीत आहे. मग त्या कशाला म्हणतील?"

एकदाच आमचं भांडण झालं. तिला ते वाचन माणसांसमोर करायचं होतं. निदान वीस खुर्च्या, ओळखीची माणसं, आमंत्रणाने. मी घाबरले, कारण इथे अशा नात्याला कायद्याने शिक्षा आहे, आणि ड्रामाटर्गने करू नये ते केलं. मी म्हणाले, "त्या दोघी बहिणी केल्या तर? एक ओळ बदलावी लागेल. बाकी नाटक तसंच राहील."

सान्यूने विणणं थांबवलं नाही. "मॅडम, तुम्हाला बहीण आहे?"

"आहे."

"तिची वेणी घालायला तुम्हाला किती वेळ लागायचा?"

"पाच मिनिटं. तीही ओरडत."

"मग?" ती म्हणाली. मर्सी इतकी हसली की सान्यूच्या हातातली अर्धी वेणी सुटली.

मी सूचना मागे घेतली. वहीत तशी नोंदही केली.

विनायक म्हणाला, "अगं, घरी कर वाचन. सोफा सरकव. बारा माणसं मावतात, मी वर गच्चीत जाऊन बसतो."

"नको. आठ जण चपला काढून दाराबाहेर दिसले की वॉचमन विचारणार, आणि मग काय सांगायचं? हॉल रीतसर घेऊ. लपवाछपवी केली की संशय येतो. नियमाने केलं की कुणी विचारत नाही."

हे माझं आयुष्यभराचं मत होतं. त्यावर मी घर चालवलं, मुलगी वाढवली. इथे राहण्याचे सतरा वर्षांचे कागद एकाही मुदतीला न चुकता नवे केले.

नाशिकला स्पर्धेचा अर्ज भरायची जबाबदारी माझीच असायची, कारण गटात मीच नीटनेटकी. अर्जासोबत संहिता जोडावी लागे. पूर्ण, तीन प्रती, पानांना क्रमांक, पहिल्या पानावर लेखकाचं नाव, पात्रपरिचय, कलाकारांची खरी नावं आणि पत्ते. सेन्सॉर मंडळाचा शिक्का आल्याशिवाय पडदा वर जात नसे. संहिता न जोडता अर्ज देणं म्हणजे कुंकू न लावता पूजेला बसणं, असं आमचे दिग्दर्शक म्हणायचे. माझ्या हाताला ते इतकं बसलं होतं की पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनालाही मी मुख्याध्यापकांना नाटुकल्याची प्रत जोडून द्यायचे.

कम्पाउंडच्या अर्जात चार रकाने होते. कार्यक्रम, तारीख, वेळ, माणसं. मी "नाट्यवाचन" लिहिलं, वीस माणसं लिहिली, पाचशे रियाल भरले. आणि मग पिशवीतून फाइल काढून जोडली. पूर्ण संहिता, पान क्रमांकासह. पहिल्या पानावर लेखिकेचं पूर्ण नाव. खाली वाचणाऱ्यांची यादी. आणि गेटवर आत सोडायला अडचण नको म्हणून सान्यूच्या नावापुढे तिच्या एजन्सीचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक. मर्सीचं ओळखपत्र नूतनीकरणाला गेलं होतं, म्हणून तिच्यापुढे रेघ.

मॅनेजर चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "मॅडम, नॉट नेसेसरी. फॉर्म इज इनफ."

मी म्हणाले, "फॉर युवर रेकॉर्ड, सर." आणि फाइल त्याच्याकडे सरकवली.

रात्री जेवताना मी सहज सांगितलं. ईरा, आमची मुलगी, बारावीत. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिचा घास हातातच राहिला. "आई. यू अटॅच्ड द होल स्क्रिप्ट?"

"म्हणजे काय? जोडावी लागते."

"नोबडी आस्क्ड फॉर इट. विथ हर नेम? आई, विथ हर आयडी?"

विनायकने पाण्याचा पेला खाली ठेवला. फ्रिजचा आवाज येत होता. मी डोक्यात परत परत त्या काउंटरपाशी जात होते, आणि प्रत्येक वेळी माझा हात फाइल पुढे सरकवत होता.

सकाळी पावणेआठला मी कम्पाउंडच्या ऑफिसात होते. म्हणाले, फाइल परत द्या, दुरुस्ती आहे. मॅनेजर म्हणाला, रेकॉर्ड म्हणून कालच हेड ऑफिसला पाठवली. माझ्याकडे न बघता, टेबलावरची पेनं सरळ करत म्हणाला, "मॅडम, दिस इज फॅमिली कम्पाउंड. आय ॲम सॉरी." त्यानेही पान एकोणीस वाचलं होतं, हे मला त्या पेनांवरून कळलं.

हेड ऑफिसने ओळखपत्राच्या क्रमांकावरून एजन्सीला कळवलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर दुसरी मुलगी होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी सान्यूचा फोन आला, कुणा दुसरीच्या नंबरवरून. मागे बायकांच्या बोलण्याचा, भांड्यांचा आवाज.

"मॅडम, नाटकाचं पहिलं वाचन झालं."

"काय?"

"एजन्सीच्या ऑफिसात. सुपरवायझरने वाचलं. मला समोर उभं केलं होतं. पान एकोणीस."

मी विचारलं, "सगळं वाचलं?"

"पान एकोणीस दोनदा." ती म्हणाली. "वाईट वाचलं, मॅडम. विमानाला थांबलेच नाहीत."

मी माफी मागायला लागले. ती म्हणाली, "खलास, मॅडम. फोन परत द्यायचा आहे." मग म्हणाली, एजन्सी तिला मायदेशी परत पाठवते आहे, मर्सी कुठे काम करते ते तिने सांगितलं नाही, मर्सीच्या नावापुढे नंबर नव्हता म्हणून ती वाचली, तिला फोन करू नका. मी विचारलं, घरी जाऊन तू ठीक असशील का? ती म्हणाली, तिकडचा कायदा इथल्यापेक्षा मवाळ नाही, आणि गल्ली कायद्याची वाट बघत नाही. सामान बांधताना वही चुलीवर जाळली आणि फोनमधलं सगळं पुसलं, तेही तिने सांगितलं. "तुमच्याकडचंही पुसा. तुम्हाला मुलगी आहे."

अकराव्या दिवशी तिला विमानात बसवलं. वेळ मला मर्सीच्या एका ओळीच्या निरोपातून कळली. त्या सकाळी मी पाचवीच्या वर्गात झाडाचं सोंग कसं घ्यायचं ते शिकवत होते. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मुलांना म्हणाले, थांबा जरा. तीस मुलं हात वर करून झाडासारखी उभी राहिली. अल गराफात विमानाचा आवाज येत नाही.

लॅपटॉपवरची फाइल मी पुसली. विनायक शेजारी उभा होता. तो म्हणाला, "कचऱ्याच्या डबीतूनही काढ," आणि मी काढली. तेवीस संहितांची कोष्टकंही गेली. परदेशातल्या गटाला कळवलं, की यापुढे जमणार नाही. चोवीसावी संहिता आली होती, ती न उघडता परत केली. लेखकाने लिहिलं, "काही चुकलं का?" मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? माझ्यासारख्या माणसाकडे संहिता देऊ नये, एवढंच खरं उत्तर होतं.

सान्यूचा नंबर बंद आहे. मर्सी दुबईला गेली असं कुणीतरी म्हणालं. शाळेत यंदा मी पाणी वाचवा हे नाटुकलं बसवलं.

तर गेल्या महिन्यात, त्या गुरुवारी, नोटा पर्समध्ये घातल्यावर मी मॅनेजरला विचारलं, ती फाइल? तो म्हणाला, हेड ऑफिसात असेल, तिथून काही परत येत नाही. म्हणजे सान्यूच्या नाटकाची एक प्रत जगात आहे, एवढं कळलं. ती कपाटात, क्रमांक लावून, नीट ठेवलेली असणार. गालिचे बाहेर गेले होते. डोक्यावरून एक विमान गेलं आणि आम्ही तिघेही, सवयीने, ते जाईपर्यंत गप्प राहिलो.

घरी पोचायच्या आधी फोन वाजला. आमच्या गल्लीतले फोटोकॉपीवाले, मलबारचे रझाकभाई. "मॅडम, दुकान शिफ्ट कर रहा हूँ. आपका एक पॅकेट आठ महिने से पडा है."

मला खरोखर आठवत नव्हतं. दुकानात जाऊन पाहिलं, तर खाकी कागदात सहा प्रती. अर्जाच्या आदल्या आठवड्यात, तारीख मिळणार असं धरून, मीच छापायला टाकल्या होत्या. ईरा बोलली त्या रात्रीनंतर त्या दुकानाकडे मी फिरकलेच नव्हते. कागद थोडे पिवळे झाले होते. वरच्या पानावर तेच नाव, तीच यादी, तोच क्रमांक.

रझाकभाईंनी पिशवी पुढे केली. मी ती घेतली नाही. घरात ईरा आहे, विनायकची नोकरी आहे, आणि आमचा इथला प्रत्येक कागद त्या नोकरीवर उभा आहे. हे गणित मी उभ्या उभ्या केलं. मला ते चटकन जमलं, याचं वाईट वाटलं.

"कापायचं मशीन आहे का तुमच्याकडे?"

"है ना. लेकिन मॅडम, नया माल है. एकदम साफ निकला है."

"असू दे."

"पिन निकालना पडेगा. मशीन खराब होता है."

मी स्टुलावर बसले आणि सहा प्रतींच्या पिना नखाने काढल्या. पानं सुटी झाली तशी ओळी दिसत गेल्या; मी वाचायचं नाही असं ठरवलं होतं, पण प्रॉम्प्टिंगला सरावलेल्या डोळ्यांना ते जमत नाही. पान एकोणीस सहा वेळा हातातून गेलं. प्रत्येक वेळी मी थांबले. रझाकभाई म्हणाले, "यल्ला, चलो मॅडम, नमाज का टाइम हो रहा है," तेव्हा पुढचा गठ्ठा यंत्रात सरकवला. कागदाच्या पट्ट्या पारदर्शक पिशवीत पडत राहिल्या. शेवटी पिशवी त्यांनी गाठ मारून बाहेरच्या कचरापेटीत टाकली.

अडतीस पानं, सहा प्रती, पानाला पंचवीस दिरहम, म्हणजे पाव रियाल, याप्रमाणे सत्तावन्न रियाल झाले, आणि यंत्राचे दहा. एकूण सदुसष्ट रियाल रझाकभाईंना रोख दिले. त्यांनी पावती पुढे केली. मी घेतली नाही.